चार वाजता पाच ठोके

मी, उना ट्रेवार्था, वय चौऱ्याहत्तर, अविवाहित, विरापिली गावच्या टेलिफोन केंद्राची निवृत्त ऑपरेटर, हे स्वतःच्या अकलेने आणि स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. डोकं शाबूत आहे. उजवा कान शाबूत आहे. डावा एकोणपन्नास साली तारेवर वीज पडली तेव्हा गेला. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते मी फारच सौम्यपणे लिहिलं होतं.

१. घर, परसातली लिंबाची झाडं आणि कोंबड्या माझी भाची ब्रॉन्विन हिला. व्यवस्थाही तिनेच पाहावी.

२. चर्चच्या ऑर्गनसाठी छदामही देऊ नये. तो अर्धा सूर उतरलेला आहे हे मी तीस वर्षं सांगते आहे, आणि तीस वर्षं पाद्रीबाबा मलाच एका कानाची म्हणून गप्प बसवत आले.

३. माझी सगळी बचत मेव्हिस गॅड्सबी हिच्या कानांसाठी खर्च करावी. अ‍ॅडलेडच्या चांगल्या डॉक्टरांकडून दोन्ही कानांना उत्तम यंत्रं बसवून घ्यावीत. ती नको म्हणणार नाही, फुकटचं तिने आजवर काही सोडलेलं नाही. यंत्रं नीट चालतात याची खात्री झाली की गावच्या सभागृहात, सर्वांसमोर, दुपारी पावणेचारला पुढचं कलम मोठ्याने वाचावं. मेव्हिसला पहिल्या रांगेत बसवावं.

४. चोपन्न सालच्या जानेवारीत माझा भाऊ सिरिल याला साप चावला. त्याचं शेत तारेच्या अगदी टोकाला. त्या एका तारेवर सहा घरं होती, आणि शेवटचे कित्येक मैल ती कुंपणाच्या तारेवरूनच जायची. घंटा कुणाचीही वाजो, बाकीचे पाचजण हळूच फोन उचलून ऐकायचे. गावाची ती करमणूक होती. पण जितके कान लागतील तितका आवाज वाटला जातो, आणि टोकाच्या घराला उरलासुरला मिळतो.

नेलवहिनी ओरडत होती, "डॉक्टर, मोठ्यानं बोला हो! काही म्हणजे काही ऐकू येत नाहीये!"

डॉक्टर सांगत होते, "त्याला चालू देऊ नका! जागचं हलवू नका, मी निघतोय!"

मीही ओरडले, "ठेवा रे फोन, मेल्यांनो! माणूस मरतोय तिकडे!"

चार फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. पाचवा आला नाही. त्या उघड्या फोनमागे भिंतीवरचं घड्याळ वाजलं. चार वाजले होते आणि ठोके पाच पडले. तसं खुळं घड्याळ पंचक्रोशीत एकाच घरी होतं.

"मेव्हिस, ठेव गं बाई," मी म्हणाले. तिने श्वास रोखला. तोही मला ऐकू आला.

वहिनीला काहीच कळलं नाही. डॉक्टर येतील या आशेने सिरिल त्यांची गाडी गाठायला फाटकापर्यंत दोन मैल चालत गेला आणि फाटकापाशीच पडला. ब्रॉन्विन तेव्हा चार महिन्यांची होती.

मातीला मेव्हिस केक घेऊन आली. म्हणाली, "अगं उना, मला कुणी कळवलं असतं तर आमची गाडी होती की गं दारात!"

तारेवर ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही, अशी शपथ घेऊन मी नोकरीला लागले होते. म्हणून मी तो केक गिळला. चौतीस वर्षं गिळते आहे. पण ती शपथ जिवंतपणाची होती.

५. गॅड्सबींच्या लिलावात ते घड्याळ मीच घेतलं, हे मेव्हिसला ठाऊक नाही. ते चावी देऊन सभागृहात तिच्यासमोर टांगावं आणि चार वाजेपर्यंत कुणी बोलू नये. पाच ठोके पडले की ब्रॉन्विनने तिला एवढंच विचारावं, "आता ऐकू येतंय का, मेव्हिस?"

६. मेव्हिस उलट विचारेल, "आणि उना काय करत होती गं?" तिने विचारलं नाही तरी हे कलम वाचावं.

चार फोन खाली गेल्यावर डॉक्टर मला म्हणाले होते, "मिस ट्रेवार्था, आता तुम्हीही बाजूला व्हा, तेवढाच आवाज वाढेल." मी माझी ऐकायची चावी बंद केली नाही, तारेवरच राहिले. वहिनीच्या मागे सिरिल हसून म्हणत होता, "नेल, उनाला सांग, घाबरू नकोस म्हणावं." मला अजून ऐकायचं होतं.

ब्रॉन्विन, घर घ्यायचं की नाही ते हे वाचल्यावर ठरव.

हे सारं मी कुणाच्या दबावाशिवाय लिहिलं, आणि खालील दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली.

उना ट्रेवार्था

साक्षीदार: हर्बर्ट क्लूस, औषधविक्रेता
डल्सी मॅकनॅमी, निवृत्त शिक्षिका

विरापिली, दक्षिण ऑस्ट्रेलिया
१४ ऑगस्ट १९८८