माती वाळवू नये

३ फेब्रुवारी, सोमवार

वन्संचा उजवा हात प्लास्टरमध्ये. सहा आठवडे! पडल्या कशा, तर बादली वाचवायला गेल्या. बादली शाबूत आहे. डॉक्टर म्हणाले, पूर्ण विश्रांती. वन्संनी विचारलं, मग बटाटे तुम्ही काढणार का? डॉक्टर हसले आणि दोघांनीही माझ्याकडे पाहिलं.

मी! तेहतीस वर्षं माती तपासायच्या प्रयोगशाळेत घालवली, पण फावडं कधी हातात धरलेलं नाही. माझी माती पिशवीतून येते, आकडा लावून. नाव नाही, गाव नाही. ओव्हनमध्ये वाळवा, चाळा, मोजा, शेरा लिहा. पुढचा आकडा.

पण नाही म्हणायला तोंड आहे कुठे? हे गेले तेव्हा ह्यांची ही थोरली बहीण टेम्पो घेऊन दारात आली. माझी भांडी स्वतः पोत्यात भरली आणि म्हणाली, चल. मला विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं, आणि आज त्या भाड्याच्या दोन खोल्यांत भिंतींशी बोलत बसले असते. सहा वर्षं झाली. आभार मानायला गेलं की म्हणतात, आधी ताट उचल.

४ फेब्रुवारी

रजा टाकली. पाच दिवस. साहेब म्हणाले, तुम्ही आणि बटाटे? हसू दे बापड्याला.

५ फेब्रुवारी

कंबर गेली कामातून. पण एक सांगायलाच हवं – मला वाटलं होतं काळ्या दगडांचा उतार, फावडं टणटण वाजेल. कुठलं काय! लोण्यात सुरी जावी तसं गेलं. टोपली भरून उचलली तर इतकी हलकी की तोलच गेला. वन्सं बांधावर बसून हसत होत्या. म्हणाल्या, राख आहे गं ती, डोंगरानं कधीकाळी ओकलेली.

वाफ्यातले दगडही बघण्यासारखे. सगळ्या अंगाला भोकं. एक हौदात टाकला तर तरंगला! सत्तावन्नाव्या वर्षी दगड तरंगताना बघून लहान मुलीसारखी ओरडले. वन्सं म्हणाल्या, ही भोकं पाणी पिऊन बसतात, उन्हाळ्यात मुळं तिथूनच चोखतात.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज मूठभर ओली माती दाबून बघितली. चिकट नाही, पण बुळबुळीत. दाबली की पाणी बाहेर, बोटं सैल केली की पुन्हा घट्ट. असं काही मी आयुष्यात बघितलं नव्हतं. म्हणजे रोज बघत असणार, पण भाजून झाल्यावर.

वन्संना तिच्या सगळ्या खोडी पाठ. खत खाऊन टाकते म्हणाल्या, दहा घमेली घातली तर पिकाला दोन सोडते. म्हणून एकदम द्यायचं नाही, शेण कुजवून, थोडं थोडं, मुळाशी. ‘हट्टी आहे, पण पाण्याला जागते.’ मी मनात म्हटलं, आपल्या मालकिणीसारखीच.

मग पलीकडच्या उताराचा विषय निघाला. ह्यांच्या घरची मूळ जमीन तिकडची. कागद आला की माती नुसती वाळू आहे, लागवडीच्या लायकीची नाही. जमीन मंडळानं उतार खडीच्या खाणीला दिला आणि घरदार इकडच्या या तुकड्यावर आलं. सासरे त्यानंतर फावड्याला शिवले नाहीत, खुर्चीत बसून राहिले. हे शहरात बसच्या कारखान्यात लागले. त्याबद्दल हे कधी बोलतच नसत.

मी म्हटलं, कुठल्या गाढवानं तपासली होती ती माती? वन्सं शेंगा सोलत होत्या डाव्या हातानं. म्हणाल्या, ‘असेल कोणी. तुझ्याआधीचं आहे ते.’

खरं तर त्या गाढवाला हारच घातला पाहिजे. जमीन गेली नसती तर हे शहरात आले नसते, आणि मी राहिले असते बिनलग्नाची!

१० फेब्रुवारी

कामावर परत. हाताला फोड. साहेबांना दाखवले.

११ फेब्रुवारी, मंगळवार

घरी आले तर मंडळाची नोटीस. आता इकडचाही उतार! खाण वाढवायची आहे. एकवीस तारखेला बैठक, त्याच दिवशी निर्णय. सोबत माती तपासणीची झेरॉक्स. नमुने एक्केचाळीस ते सेहेचाळीस. ‘वाळूसदृश. पाणी धरून ठेवत नाही. लागवडीस अयोग्य.’

ते माझे आकडे आहेत. माझा शेरा. गेल्याच महिन्यात चहा पिता पिता लिहिलेला.

वन्संनी विचारलं काय झालं. मी म्हटलं डोकं दुखतंय. जेवले नाही.

१२ फेब्रुवारी

सांगितलं. सकाळी, चुलीपाशी, त्यांच्या वेणीला पेड घालताना – तोंड दिसत नव्हतं म्हणून जमलं. म्हटलं, वन्सं, तो रिपोर्ट मी केलाय. मुद्दाम नाही. आकड्यावरून कळत नाही कुणाचा आहे ते.

मला वाटलं आता म्हणतील, नीघ. माझं सामान किती आहे याचा मनात हिशेबसुद्धा करून झाला.

म्हणाल्या, ‘चुकलाय का?’

म्हटलं, चुकलाच असणार. ही माती वाळू नाही, मी हातात धरली आहे.

‘मग दुरुस्त कर. नऊ दिवस आहेत. आणि वेणी घट्ट घाल, सैल सुटते.’

एवढंच. मी मागे उभी राहून रडले, त्यांनी मान वळवली नाही. अशी माणसं देव मोजून पाठवतो.

१३ फेब्रुवारी

सापडलं!! वन्संच्या वाफ्यातली माती डब्यात घालून नेली. अर्धी नेहमीसारखी ओव्हनमध्ये, अर्धी तशीच ओली. वाळलेली बाहेर काढली – खरखरीत, बोटांतून गळते. पाणी घातलं, ढवळलं, तासभर भिजवली. परत पहिल्यासारखी होईल तर शपथ. एकदा वाळली की ही माती पाणी विसरते, कायमची. ओली अर्धी मात्र आपल्या वजनाइतकं पाणी पोटात घेऊन बसलेली.

म्हणजे मी वाळू मोजली नाही. मी वाळू केली.

मग पद्धतीचं पुस्तक काढलं. पान साठ आणि एकसष्ट चहानं चिकटलेली. चाकूनं सोडवली. खाली तळटीप, मुंगीएवढ्या अक्षरात – ज्वालामुखीच्या राखेपासून झालेली माती वाळवू नये. तेहतीस वर्षं ते पुस्तक माझ्या टेबलावर आहे. चहाही माझाच असणार.

आणि पलीकडच्या उताराचं? त्या गाढवानंही हेच केलं असणार! वन्संना सांगितलं. नुसतं ‘हं’ म्हणाल्या.

१४ फेब्रुवारी

साहेब ऐकेनात. दिलेला रिपोर्ट मागे घेणं म्हणजे आपणच आपलं नाक कापून घेणं, म्हणाले. निवृत्तीला आठ महिने राहिलेत, गप बसा. मी म्हटलं, साहेब, आठ महिन्यांनी मला त्याच घरात जेवायचं आहे.

पान एकसष्ट पुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, काढला, परत लावला. तळटिपेत राखेची माती ओळखायची तपासणीही दिली होती; तिचं द्रावण कपाटात होतं, सील न फोडलेलं. तपासणीच्या कागदावर साधी माती ठेवून थेंब टाकला, कागद पांढराच राहिला. वन्संच्या मातीवर टाकला – कागद गुलाबी. साहेब खुर्चीवरून उठले.

म्हणाले, बैठकीत तुम्ही बोला, मी शेजारी बसतो. इतक्या वर्षांत इतकं चांगलं वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. घरी येताना त्यांच्यासाठी बटाटे न्यायचं ठरवलं.

१७ फेब्रुवारी

साहेबांना बटाटे दिले. विचारतात, हे वाळूतले का?

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

झाली बैठक. लांब टेबल, अकरा माणसं, खाणवाल्यांचा नकाशा भिंतीवर. मला बोलता येत नाही हे मला माहीत आहे, म्हणून बोललेच नाही फारसं. दोन नरसाळी नेली होती. एकात वाळवलेली माती, दुसऱ्यात ओली, दोन्ही एकाच वाफ्यातल्या. अध्यक्षांना म्हटलं, तुमच्याच हातानं एकेक पेला पाणी ओता.

वाळलेलीतून पाणी सरळ खालच्या ग्लासात. दुसऱ्यातून थेंब... मग थांबून आणखी एक थेंब. अकराही जण त्या थेंबाकडे बघत बसले. मी म्हटलं, रिपोर्ट माझा होता. चूक माझी आहे, मातीची नाही. साहेबांनी मान हलवली. वन्सं मागच्या बाकावर प्लास्टर मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांच्याकडे बघायचा धीर झाला नाही.

निर्णय लेखी कळवणार. बाहेर आल्यावर वन्संनी माझ्या डोक्यावरून डावा हात फिरवला. भर रस्त्यात!

२३ फेब्रुवारी

वाट बघणं. वाटाणे पेरले. माझ्या हातानं, थोडं थोडं खत, मुळाशी. वन्सं म्हणाल्या, शिकलीस. मला इतका आनंद झाला की दोन ओळी जास्तच पेरल्या.

या डायरीलाही मातीचे डाग पडले आहेत, हिरव्या शाईवर काळे. शाळेपासूनची सवय, निळी मला चालतच नाही. प्रयोगशाळेत सगळ्यांचे शेरे निळे, माझे एकटीचे हिरवे. वन्सं चिडवतात, तुझी शाई कुठे कुठे पोचते याचा नेम नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

पत्र आलं. उतार शेतीचाच राहिला!

वन्संनी ते ठेवायला पत्र्याची पेटी उघडायला सांगितली, त्यांचा हात अजून वळत नाही. तळाशी पलीकडच्या उताराचा कागद होता. एकतीस वर्षांपूर्वीचा. माझं नोकरीतलं दुसरं वर्ष. ‘नुसती वाळू. लागवडीस अयोग्य.’ हिरव्या शाईत.

मी खालीच बसले. वन्सं म्हणाल्या, ‘लग्नात तू सामानाची यादी लिहिलीस ना, तेव्हाच ओळखलं. धाकट्याला कधी कळू दिलं नाही.’ मग म्हणाल्या, पेटी लाव, धूळ जाते आत.

आज पेन्सिलीनं लिहिते आहे.