देवरीची लाईन खराब नव्हती

प्रिय चंद्रकुमार,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला नाही, याचं मलाच नवल वाटलं. मी अजून कुडव्यालाच राहते, स्कूटीने रक्तपेढीत त्याच कॉम्प्युटरच्या कामाला जाते. आई तुझं नाव घेत नाही; 'तो' म्हणते.

गोंदियाची रक्तपेढी आणि देवरीचं साठवण केंद्र जोडायचं होतं, ती मीटिंग आठवते? मी म्हटलं होतं, वेब सर्व्हिस करू. देवरीने साध्या मजकुरात विचारावं, गोंदियाने साध्या मजकुरात उत्तर द्यावं. कोणाकडे कोणता प्रोग्राम आहे, याच्याशी दुसऱ्याला देणंघेणं नको. तुला रिमोट ऑब्जेक्ट हवे होते. गोंदियातला ऑब्जेक्ट, म्हणजे प्रोग्रामचा तुकडा, जणू देवरीच्याच मशीनमध्ये बसलाय, अशी सरळ हाक मारायची. कोड कमी, काम झटपट. मी म्हटलं, मग दोन्हीकडचे प्रोग्राम कायम जुळते ठेवावे लागतील. एकीकडे बदल केला की दुसरीकडे घोळ होईल. तू आपल्या साहेबांकडे, केशोराव सरांकडे बघून हसलास. "सर, इसको गहराई में समझता नहीं. हिला रिपोर्टची पानं सजवू द्या." माझ्याशी साखरपुडा झालेला तू, सगळ्यांसमोर. सरांनी तुझंच ऐकलं. त्याच कामाच्या जोरावर पुण्याच्या कंपनीत गेलास, देखभालीचं कंत्राटही त्यांना मिळवून दिलंस, आणि लग्न फोनवर मोडलंस.

मागच्या आठवड्यात तुमच्या माणसांनी गोंदियाच्या प्रोग्राममध्ये एक रकाना वाढवला. देवरीचा प्रोग्राम जुनाच राहिला. त्याला नवा ऑब्जेक्ट ओळखता येईना, आणि तुझ्या कोडने ती चूक गुपचूप गिळून साठा शून्य दाखवला. तिथे देवरीत समोर सिकलसेलची पोर होती, राखी; तिला तातडीने रक्त हवं होतं. तिची आजी मनकर्णाबाई नर्सच्या टेबलावर हात आपटून ओरडत होती, "काऊन नाही म्हणता जी? पोरगी मरून राहिली ना माही!" त्या नर्सला, ललिता सिस्टरला शंका आली, तिने मला फोन केला. मी गोंदियाचा फ्रीज उघडला. तिच्या रक्तगटाच्या पिशव्या समोरच होत्या, चंद्रकुमार. त्या घेऊन मी स्वतः गाडीत बसून देवरीला गेले. राखीचे ओठ कागदासारखे पांढरे झाले होते. ती वाचली. म्हातारीने माझा हात धरला आणि मला तुझा इतका राग आला की तिच्याशी नीट बोलताही आलं नाही.

त्या दिवसानंतर तुझा प्रोग्राम बंद केला; आता तिथे माझी वेब सर्व्हिस चालते. देवरीला नवा रकाना कळला नाही, तर ती तो सोडून देते आणि बाकीचं वाचते. उत्तर आलं नाही तर 'शून्य' म्हणत नाही, 'उत्तर नाही' म्हणते.

रक्तपेढी चालवणाऱ्या संस्थेने चौकशीचा अहवाल माझ्याकडे मागितला, आणि काल तुझा फोन आला. "दुर्गी, चौकशीत लिही ना, देवरीची लाईन खराब होती. माझं प्रमोशन अडकलंय." मी 'बघते' म्हटलं. पोरीची विचारपूस तू केली नाहीस. आज सकाळी अहवाल दिला. इंटरनेटची लाईन चांगली होती, असं लिहिलं. चूक गिळणाऱ्या तुझ्या कोडच्या ओळी तुझ्या नावासकट जोडल्या. संस्थेने तो दुपारी तुझ्या कंपनीला पाठवला. उद्या तुला बोलावतील, तेव्हा नशीब फिरलं असं म्हणत बसशील, म्हणून हे पत्र. नशीब नाही. मी.

एकेकाळची तुझीच,
दुर्गेश्वरी