शाल नको, दोन दिवस द्या

बुधवार, संध्याकाळ

शेजारच्या मंदाचा आज सत्कार. मतिमंद मुलीला चोवीस वर्षं एकटीने सांभाळलं म्हणून आदर्श माता! अध्यक्ष तासभर मातृत्वावर बोलले. तेवढा वेळ मुलीला मीच धरून बसले. संयोजकांना सुचेल तर ना!

मंदा माइकवर म्हणाली, "साहेब, शाल नका देऊ. दोन दिवस पोरीजवळ कोनी बसा. मले मोतीबिंदू काढाचा हाये."

मूर्खांनी टाळ्या वाजवल्या. शाल घातलीच. या उकाड्यात, लोकरीची!

आणि मी? वर्षानुवर्षं 'धन्य आहेस गं' एवढंच म्हणत आले. वेगळी कुठे आहे?

परतताना म्हटलं, "सोमवारी दवाखान्यात जा. मी बसते."

"पोरगी चावते, बाई."

"चावू दे."

आता भीती वाटतेय. पण सोमवार बदलायचा नाही.