नानांची साक्ष नानांना परत

आणि काल फोनवर तुम्ही परत तेच काढलंत, नाना. देवाचं वचन ऐकतोस, पण तुझ्यात ते टिकत नाही. हे मी सातवीत असल्यापासून ऐकतोय. तुमचं खरं आहे, म्हणून तर भांडण मिटत नाही.

तर मी, तुमचा मुलगा अभिराम सदू भालेराव, वय चोवीस, शिक्षण सातवी, मूळ तालुका शेवगाव, हल्ली राहणार तुर्भे, धंदा उंच बिल्डिंगींना दोरावर लटकून रंग देणे, डोकं ठिकाणावर असताना, दारू न पिता हे मृत्युपत्र लिहितो. माझ्याबरोबरचा गोटीराम पडून गेल्यापासून ठेकेदार सगळ्यांची सही घेतो, की जीव गेला तर जबाबदारी ज्याची त्याची. तो त्याच्या बाजूचा कागद. हा माझ्या बाजूचा.

१. खोलीच्या डिपॉझिटमधला माझा हिस्सा आणि मोबाईल धाकट्या बहिणीला, दीक्षाला. नर्सिंगची फी भरावी. लग्नात घालवू नये.

२. दोरावर लटकताना कमरेला बांधतो तो माझा पट्टा कोणालाही देऊ नये. शिवण उसवली आहे. जाळून टाका.

३. प्रार्थनेत हसलो म्हणून तुम्ही मला चर्चबाहेर खडीवर गुडघे टेकून बसवलं होतं. माफ केलं, असं लिहिणार होतो. लिहीत नाही. मरणाच्या कागदात खोटं नको.

४. माझ्याकडे एक वस्तू आहे, ती माझी नाही. तुमची साक्ष.

गोटीराम तुपे माझा दोरावरचा जोडीदार, साताऱ्याकडचा, पिणारा. "काय फादर, तुझा देव लिफ्टनं येणार का दोरानं?" असं चिडवायचा. गेल्या वर्षी जानेवारीत जेवण मिळतं म्हणून प्रार्थनासभेला माझ्याबरोबर आला. तिथं पाळकांनी मला साक्ष द्यायला उठवलं, म्हणाले प्रभूनं तुमच्यासाठी काय केलं ते सांगा. मला काही आठवेना. मग तुमचं सांगितलं. जीव द्यायला तुम्ही विहिरीवर गेलात आणि म्हाताऱ्या राजाबाईनं पाणी मागितलं, ते शेंदून देता देता मन फिरलं, ते सगळं. विहिरीच्या जागी मी गच्ची घातली, राजाबाईच्या जागी वॉचमन. शंभर वेळा ऐकलेलं, पाठच होतं.

गोटीराम रडला. त्या आठवड्यात बाटली सुटली. ईस्टरला बाप्तिस्मा घेतला. रोज वर चढण्याआधी माझ्या दोरावर हात ठेवून आधी माझ्यासाठी प्रार्थना करायचा. मी रंगाच्या डब्यात बघत राहायचो.

यंदा फेब्रुवारीत तो बाराव्या मजल्यावरून पडला. सासरचे सगुणावहिनीला म्हणतात, देव बदलला म्हणून नवरा गेला. ती ऐकत नाही, एकटी सभेला येते. परवा रविवारी मला गाठलं.

"भावजी, गच्चीवर तुमच्या बाबतीत काय झालं ते मला एकदा सांगा. हे त्याच्यावर उभे राहिले. मला पण उभं राहायचंय."

पाणी आणतो म्हणालो आणि मागच्या दारानं निघून आलो.

खोटं होतं म्हणून सांगितलं तर तिच्याकडे काय उरतं? परत सांगावं तर तोंड उघडत नाही. नाना, माझ्या तोंडातून गेलं ते त्याच्या काळजात गेलं, आणि माझ्यात काही नाही. उपास केले. दार लावून गुडघ्यावर बसलो. काही झालं नाही. थांब, होईल, असं आता म्हणू नका. मी वाट बघणं सोडलंय.

म्हणून ही साक्ष मूळ मालकाला परत करतो. ती खोटी नाही, चुकीच्या तोंडात होती. मी मरायची वाट न बघता तुम्ही या. वहिनीसमोर बसा, विहीर, राजाबाई, सगळं तुमच्या तोंडानं सांगा. मी चोरलं होतं हेही सांगा. मी बाहेर बसेन. आत बोलावू नका.

साक्षीदार: सौरभ कांबळे (खोलीतला जोडीदार), सही. हौसेराव माने (खालचे चहावाले), अंगठा. दोघांना वाचून दाखवलं. हौसेराव म्हणाले, लवकर टाक पोस्टात.

लिहून देणार: अभिराम सदू भालेराव
तुर्भे, नवी मुंबई, ता. २५ मार्च २०२५

मनिऑर्डर वेगळी केली आहे. शेवगाव ते पनवेल, येण्याजाण्याचं भाडं, रुपये चौदाशे फक्त.