निबंधातली जीप

सर, तुम्ही गेलात तेव्हा मी मयतीला आले नाही. तुम्ही शिकवलेली निम्मी गावं आली होती म्हणे. मी केडगावात माझ्या क्लासवर होते आणि त्या दिवशी मुद्दाम, अगदी ठरवून, तुमचाच निबंध शिकवत होते.

तुमचा निबंध एकच होता, 'सिटी लाइफ'. आधी फायदे, मग तोटे, शेवटी शहर हे वरदानही आणि शापही. दिवाळीआधीच तुम्ही तो दहावीच्या वर्गाकडून पाठ करून घ्यायचात, म्हणजे शहराबद्दल काहीही विचारलं तरी तोच उतरवायचा. पूर्वपरीक्षेत प्रश्न आला की शहरातला मावसभाऊ तुमच्या गावी राहायला येतोय, त्याला काय जड जाईल ते लिहा. अख्ख्या वर्गाने वरदान आणि शाप उतरवला. मी प्रश्न दोनदा वाचला. माझा मावसभाऊ खरंच शहरातून, केडगावहून आमच्याकडे आला होता. तालुक्याला, अकोल्याच्या स्टँडवर मी त्याला घ्यायला गेले होते, तिथे त्याने जीपवाल्याला विचारलं, "गाडी कितीला सुटणार?" जीपवाला म्हणाला, "भरली की." भाऊ घड्याळ बघत दोन तास बसून राहिला. त्याला गावात काय जड जाणार हे मला तिथेच कळलं होतं. तेच मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं.

तुम्ही माझा पेपर वर्गापुढे वाचून दाखवलात. "सिटी लाइफमधी जीप कुठून घुसली गं? डोंगरातली पोर तू, शहर पाह्यलंय का कधी?" वर्ग खो खो हसतोय, मी उभी आहे. "सर, पन प्रश्न भावाचाच हुता ना?" "तोंड वर करून बोलू नको." आणि पानभर आडवी लाल रेघ. एवढ्यावर भागलं असतं तर मी विसरलेही असते. पण दहावीच्या निकालानंतर तुम्ही आईला सांगितलंत, "हिला इंग्रजी जमायचं न्हाई, कशाला पुढं शिकवता?" मी रडले, भांडले. आई म्हणाली, "सर म्हनले म्हंजी आसंल तसंच." वर्षभर मी भाताच्या खाचरात वाकून होते आणि माझ्याबरोबरच्या मुली कॉलेजच्या बसने जात होत्या. पुढच्या जूनमध्ये मावशीने केडगावला नेलं म्हणून सुटले. ते वर्ष मी तुम्हाला माफ केलेलं नाही, करणारही नाही.

म्हणून दर जूनमध्ये मी तुमचं श्राद्ध घालते. फळ्यावर तो मावसभावाचा प्रश्न लिहिते, त्याखाली तुमचा निबंध, आणि मुलांना म्हणते, यात भाऊ शोधा. मुलं शोधतात आणि हसून लोळतात. "कुणी लिहिलाय, मॅडम?" "माझ्या सरांनी." मग माझी पद्धत सांगते. कोण कुणाला लिहितंय, नेमकं काय विचारलंय, काय विचारलेलं नाही. यांच्याखाली रेघा मारा, समासात चार ओळींचा आराखडा करा, मगच पेन चालवा. आराखडा नसेल तर मी पुढचं वाचत नाही. आमच्या क्लासची मुलं निबंधात अडत नाहीत, सर. हे ऐकायला तुम्ही हवे होतात, फार वाटतं मला.

सोमवारी प्रश्न दिला होता. शहरात मुलाकडे राहणाऱ्या आजीला गावी परत जायचंय, तिच्या वतीने मुलाला पत्र लिहा. एका मुलीने आराखडा न करता थेट लिहिलं. तिची दादी तिसऱ्या मजल्यावर राहते. खाली भाजीची गाडी आली की काही घ्यायचं नसलं तरी वरून भाव विचारते, तेवढंच कुणाशी तरी बोलणं होतं. मी समास कोरा पाहिला आणि पेटलेच. वही वर्गापुढे धरली, दादीचं मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "या भाजीच्या गाडीला आराखड्यात जागा कुठंय?" मुलं हसली. ती उभी राहिली. "मॅडम, पण प्रश्न दादीचाच होता ना?" मी म्हणाले, "उलट बोलू नकोस." आणि रेघ मारली.

मंगळवारपासून ती आलेली नाही. वही माझ्यापुढेच आहे. भाजीच्या गाडीसारखं वाक्य लिहायला मी इतक्या वर्षांत कुणालाही शिकवू शकलेले नाही.

तुम्हाला माफी नाहीच, सर. उद्या तिच्या घरी जाऊन तिच्या आईशी आणि तिच्याशी काय बोलायचं, त्याचा आराखडा करायला मी आज बसले होते. समास कोराच राहिला आणि हे पत्र लिहून झालं.