आईसाठी पगार, ऑफिससाठी लोन

३ मार्च
आईच्या मासिक मदतीचा फेरआढावा आला आहे. गुडघ्यांमुळे तिने बालवाडीच्या स्वयंपाकघरातली नोकरी सोडली, तेव्हापासून इथल्या सेंगकांग भागातल्या सरकारी मदत केंद्रातून येणाऱ्या पैशांवर घर चालतं. या वेळी घरातल्या प्रत्येकाचं उत्पन्न दाखवायचं आहे. मला उत्पन्न नाही. एज्युकेशन लोन आहे, आणि एक ग्रँट. लोन म्हणजे देणं, उत्पन्न नव्हे. विषय सरळ आहे. उद्या केंद्राच्या ऑफिसला ईमेल करून संपवते.

आईला मात्र युनिव्हर्सिटीत नोकरी लागली असं सांगितलं आहे. लोनमधले थोडे पैसे दर महिन्याला तिच्या हातात ठेवते, त्याला पगार म्हणते. हे खोटं नाही, व्याख्येचा फरक आहे. डिग्रीनंतर नोकरी मिळेना म्हणून मास्टर्सला प्रवेश घेतला. पुढे नोकरी लागली की दोन्ही व्याख्या आपोआप जुळतील.

४ मार्च
ईमेल केली नाही. आधी फ्लोचार्ट हवा. धाकटी बहीण इरा मागून वाचत होती. इथल्या पोरांच्या 'लाह'वाल्या इंग्रजीत म्हणाली, "ताई, आईला पे, ऑफिसला लोन. विच वन, लाह?" मी म्हटलं, इनपुट एकच आहे, युजर वेगळे आहेत. "वा, सो क्लेव्हर," म्हणाली. इराचे बेसिक्स कच्चे आहेत.

७ मार्च, दुपारी
फ्लोचार्ट सुरेख झाला. पाठवला. केंद्रातल्या मिस लिमचं उत्तर लगेच आलं: लोन धरत नाहीत. ग्रँटमधून फी वजा जाता जे उरेल तेवढंच धरतात. माझ्या ग्रँटमधून काहीच उरत नाही. म्हणजे मी पूर्ण बरोबर.

शेवटची ओळ: युनिव्हर्सिटीतल्या नोकरीची पेस्लिप जोडावी.

नोकरीचा उल्लेख मी कुठेही केला नव्हता. डेटा लीक आहे.

८ मार्च
लीक सापडला. पेढे.

पहिला पगार आईने देवापुढे ठेवला होता, घरीच पेढे केले होते. मीही खाल्ले. त्यातला एक डबा मिस लिमला गेला. आई म्हणाली, "अगं, अडचणीत ज्यांनी हात दिला, त्यांना आनंदात विसरायचं का? रेसिपी विचारत होती ती!" रेसिपीबरोबर मिस लिमने माझी नोकरीही फाइलमध्ये लिहून घेतली. पगार धरला तर मदत बंद.

आज आईला सगळं स्पष्ट सांगणार.

९ मार्च
सांगितलं नाही. तिचे गुडघे दुखत होते. परिस्थिती चाचणीला योग्य नव्हती.

१२ मार्च
नवा प्लॅन. शुक्रवारी मिस लिमला एकटीनेच भेटायचं. तांत्रिक विषय आहे, आईची गरज नाही.

संध्याकाळी: आईही येणार आहे. "तू ऑफिसातून परस्पर ये," म्हणाली. 'ऑफिस' या शब्दावर जरा थांबली, असं वाटलं. मला नीट ऐकू आलं नसेल.

१४ मार्च, सकाळी
इस्त्रीचा शर्ट घालून घराबाहेर पडले. आज लेक्चर नाही. हॉकर सेंटरमध्ये बसून प्रेझेंटेशन पाठ केलं. तयारी उत्तम. आईला काही कळायच्या आत विषय संपेल.

१४ मार्च, संध्याकाळी
मिस लिमने एकच प्रश्न विचारला: जॉब आहे की नाही? मी पगार ही संकल्पना कशी व्यापक आहे ते समजावू लागले. तिने आईकडे पाहिलं. आई मांडीवरची पिशवी सावरत तिच्या इंग्रजीत म्हणाली, "मिस लिम, शी इज स्टुडंट. नो जॉब. यू पुट झिरो."

मिस लिमने झिरो टाकला. मदत चालू राहिली.

परतताना एलआरटी ट्रेनमध्ये आईला विचारलं, कधीपासून माहीत होतं? म्हणाली, "पेढे वाटल्यावर आठवड्याने. तुझा शर्ट धुवायला घेतला, तर खिशात कार्ड. वर स्टुडंट लिहिलेलं. माझे गुडघे गेलेत गं, डोळे नाही." मग बोलली का नाहीस? "म्हटलं, सांगेल. इरा म्हणाली, ताई आधी चित्र काढतेय."

उतरताना माझ्या खांद्याचा आधार घेतला. म्हणाली, "पुढच्या महिन्यापासून मला पगार देऊ नकोस. त्याला व्याज लागतं."

घरी येऊन फ्लोचार्ट पुन्हा तपासला. माझ्या नावाखालच्या शेवटच्या चौकोनात शून्यच होतं. उत्तर बरोबर आहे.