गुरुवारी बारा चाळीसला सगळं ठीक होतं

सोमवार, ४ फेब्रुवारी. दुपारी १.१०
मशीन रूमच्या लॉगबुकात तीनच रकाने. तारीख, वेळ, काय केलं. काय वाटलं याला रकाना नाही. म्हणून ही वही. जुनं लॉगबुक अर्धं कोरं असून रद्दीत चाललं होतं, मी उचललं.
आजपासून रोज लिहायचं. थोडक्यात. रडगाणं नाही.
१२.४० ला स्नॅपशॉट काढला. ओके.

मंगळवार, ५ फेब्रुवारी. संध्याकाळी
थोरलीचा फोन. आई, तू त्या हॉस्पिटलात नक्की करतेस काय, झाडतेस ना? म्हटलं, झाडते सकाळी. बारा चाळीसला हॉस्पिटल थांबवते.
समजावून सांगितलं तिला. मशीन रूममधल्या कॉम्प्युटरात पेशंटची नावं एका डिस्कवर. पोटाचे, छातीचे फोटो दुसरीवर. रिपोर्ट तिसरीवर, तारखा चौथीवर. चौघींचा मिळून ग्रुप. जेवणाच्या सुट्टीत मी बटण दाबते, की चौघींचं त्या घडीचं चित्र एकदम धरलं जातं, तोच स्नॅपशॉट. एकदम म्हणजे एकदम. एकीचं आधी, दुसरीचं मागून असं झालं तर ह्याचा मुतखडा त्याच्या पोटात. पुढे काही बिघडलं तर मशीन त्या घडीला परत न्यायचं. त्याला रिस्टोअर म्हणतात.
थोरली म्हणाली, मला नाही बाई कळलं. ग्रॅज्युएट आहे ती. मी चौथी पास. असो.
बटण दाबलं की दोन सेकंद सगळं श्वास धरतं. चष्मेवाला इंजिनियर म्हणतो, तसं काही नसतं ताई, लिहिणं जरा अडतं इतकंच. तो आठवड्यातून दोनदा येतो. त्याला काय कळणार. मला पंख्यांच्या आवाजावरून कळतं.

बुधवार, ६ फेब्रुवारी
ह्यांनी स्वतःची पँट कमरेत परत आत घेतली. स्वतः शिंपी असल्याचा एवढा तरी फायदा. म्हटलं, बरंच आहे. बसून शिवणाऱ्यांची पोटं सुटतात, ह्यांचं उतरतंय. जेवणही अर्धं टाकून उठतात. विचारलं तर म्हणे, पोटात जरा ओढल्यासारखं होतं. नाटकं. माझ्या हातचं नकोसं झालंय, सरळ सांगायचं.
उद्या हॉस्पिटलात नेते. फोटो काढून हातात दिला की तोंड बंद होईल. मी स्टाफ आहे, आम्हाला लाईन नाही.

गुरुवार, ७ फेब्रुवारी. दुपारी १२.४५
१२.४० स्नॅपशॉट. ओके. हे बाहेर बाकावर बसलेत, नंबर एक वीसचा. फोटोवाल्याला बारालाच म्हटलं होतं, आधी घे की. म्हणाला, स्नॅपशॉटच्या आधी पाऊण तास फोटो नको म्हणून तुम्हीच तर भांडता. खरंय. नियम म्हणजे नियम.
ह्यांचा चेहरा चांगला दिसतोय. सगळं ठीक.

दुपारी ४
झाला फोटो. फोटोवाल्याची जीभ एरवी टाळ्याला लागत नाही, आज गप्प होता. दात दुखत असेल.

शनिवार, ९ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला आत बोलावलं. पोटात गाठ दिसतेय म्हणाल्या. तुकडा काढून तपासायला हवा, बुधवारी सकाळी उपाशीपोटी घेऊन या, चालढकल नको.
मी विचारलं, फोटो कुणाचा आहे हा? त्या म्हणाल्या, नाव बघा ना. म्हटलं, नाव एका डिस्कवर असतं, फोटो दुसरीवर. त्यांनी परत नावावरच बोट ठेवलं. शिकलेल्यांना मशीनचं ओ की ठो कळत नाही.
बाहेर येऊन ह्यांना सांगितलं, गॅस आहे. हे म्हणाले, बरं.

रविवार, १० फेब्रुवारी
दिवसभर डोकं चालवलं. कुठेतरी अदलाबदल झाली आहे. शोधायची.
आणि नाहीच सापडली, तरी माझ्याकडे गुरुवारचा बारा चाळीसचा स्नॅपशॉट आहे. ह्यांचा फोटो एक वीसला निघाला. म्हणजे बारा चाळीसच्या चित्रात गाठही नाही, रिपोर्टही नाही. चष्मेवाल्याला सांगून मशीन तिथे परत न्यायचं. मग फोटो पुन्हा, नीट काढायचा.
स्नॅपशॉट सात दिवस राहतो, मग आपोआप पुसला जातो. म्हणजे येत्या गुरुवारपर्यंत वेळ आहे. भरपूर झाला.
ठराव: कुणापुढे हात जोडायचे नाहीत. हे काम आहे, मेहरबानी नाही.

सोमवार, ११ फेब्रुवारी. दुपारी १
सापडलं! स्क्रीनवर डिस्क पाच दिसतात. ग्रुपात चारच. गेल्या महिन्यात जागा कमी पडली म्हणून फोटोंसाठी नवी डिस्क लावली होती, ती चष्मेवाला ग्रुपात घालायला विसरला. महिनाभर एक जण पंगतीबाहेर बसलीय आणि कुणाला पत्ता नाही! इंजिनियर म्हणे.
चष्मेवाल्याला फोन केला. म्हणाला, ताई, नंबर वाचून दाखवा. दाखवला. त्याने पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाला, बाप रे, उद्या येतो.
आज मी पोटभर जेवले. ह्यांना म्हटलं, तुम्हीही जेवा, काही झालेलं नाही तुम्हाला. दोन घास खाल्ले. सुरुवात तर झाली.

मंगळवार, १२ फेब्रुवारी
चष्मेवाला आला, पाचवी डिस्क ग्रुपात घातली, माझं कौतुक केलं. मी म्हटलं, कौतुक राहू द्या साहेब, आता ज्यांचे फोटो चुकलेत त्यांचं बोला. तो म्हणाला, कुणाचेच चुकले नाहीत. स्नॅपशॉट अर्धवट होते, मूळ डिस्क ठणठणीत आहेत. परत न्यायची वेळ आली असती तर घोळ झाला असता. तुमच्यामुळे वाचलो.
म्हटलं, मग आलीय वेळ. गुरुवार बारा चाळीसला परत न्या.
तो हसला. म्हणाला, अहो ताई, गुरुवारपासून तीनशेच्या वर माणसं तपासून गेलीत. एका बाईला काल जुळी दिसली. कुणाचा खडा गेलाय. सगळं पुसलं जाईल. ग्रुप आहे तो, एकट्याला मागे नेता येत नाही.
म्हटलं, मग एकट्याला ग्रुपातून काढा.
कोणाला, म्हणाला. मी ह्यांच्या नावाचा कागद पुढे केला. त्याने चष्मा काढून वाचला, परत घालून वाचला. आडनाव बघून हसणं थांबलं. म्हणाला, ताई, डिस्क मागे नेली तरी पोटातलं... आणि पुढे बोललाच नाही.
अर्धं वाक्य टाकून जाणाऱ्या माणसांचा मला भयंकर राग येतो.

बुधवार, १३ फेब्रुवारी
आज नेलं नाही ह्यांना. ठरवून नाही नेलं. आधी मशीनचा सोक्षमोक्ष, मग सुया. डॉक्टरीणबाईंच्या नर्सने फोन केला. सांगितलं, हे गावाला गेलेत. हे समोरच काज करत बसले होते. सुईत दोरा ओवता ओवता म्हणाले, कुठल्या गावाला गेलोय मी? म्हटलं, गप्प बसा.
गप्प बसले. पूर्वी भांडायचे.

गुरुवार, १४ फेब्रुवारी. दुपारी १२.५०
आज बटण दाबलं नाही.
नवा आला नाही तर जुना जाणार नाही असा हिशेब केला होता. डब्याला हात न लावता स्क्रीनसमोर बसले. यादीत सगळ्यात खाली, ७ फेब्रुवारी, १२.४०. बारा एकोणचाळीसला होता. चाळीसला होता. मी पदर सारखा केला. वर बघितलं तर नव्हता.
त्याला माझं बटण लागतच नाही. त्याचे सात दिवस तो स्वतः मोजतो.
पंख्यांचा आवाज होता तसाच होता.
नऊ वर्षांत लॉगबुकात पहिल्यांदा ओळ कोरी. पाच मिनिटांनी चष्मेवाल्याचा फोन. म्हणाला, ताई, आजचा दिसत नाही, मी इकडून काढतो. तुम्ही जेवून घ्या. म्हटलं, इकडून काढता येतो? म्हणाला, येतो की. मग म्हणाला, पण रोज तुम्हीच काढा.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी
मोठ्या साहेबांनी बोलावून अभिनंदनाचं पत्र दिलं. पाचव्या डिस्कबद्दल. इंग्रजीत आहे. साहेब म्हणाले, घरी दाखवा.
ह्यांनी ते शिलाई मशीनच्या वर भिंतीला टाचणीने लावलं. म्हणाले, मी नेहमी म्हणतो, तुझ्या नजरेतून काही सुटत नाही.
स्वयंपाकघरात काम होतं, मी उठले.

शनिवार, १६ फेब्रुवारी
ह्यांच्या हातातून कात्री पडली. म्हणाले, हात तेलकट होता. तेलाची बाटली कपाटात होती.
थोरलीला फोन करायचा ठरवला. मग म्हटलं, उगाच कशाला. मग केला. ती रडायला लागली तशी झापलं तिला. रडायचं असेल तर फोन ठेव म्हटलं. तिने ठेवला नाही. मीही नाही.

रविवार, १७ फेब्रुवारी
सकाळी हे दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले. म्हटलं, आज कुठे? म्हणाले, उद्याची तयारी. उद्या मी हॉस्पिटलात जाणार. तू येणार असशील तर ये, नाहीतर मी गावाला गेलोय असं त्यांना सांग.
हसले. मला नाही आलं हसू.

सोमवार, १८ फेब्रुवारी. सकाळी ११
तुकडा काढला. वॉर्डात पलंग मिळाला, खिडकीजवळचा. डॉक्टरीणबाई ओरडतील म्हणून उत्तरं तयार ठेवली होती. ओरडल्या नाहीत. फॉर्म भरायला बसल्या. नाव. वय. काम.
त्रास कधीपासून?
मी म्हटलं, सात तारखेपासून. गुरुवार. एक वीस.
हे उशीवरून म्हणाले, नाही हो. गेल्या उन्हाळ्यापासून.
डॉक्टरीणबाईंनी लिहिणं थांबवलं. मला विचारलं, इतके महिने घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?
माझ्याकडे उत्तर तयार होतं. मी कामावर असते, हे बोलत नाहीत, आमच्या घरात कुणी दुखणी काढत नाही.
मी म्हटलं, आलं होतं.
त्यांनी मान खाली घातली आणि तेही लिहून घेतलं.